चंदनाखालची जखम

एकदा एका वैद्याच्या शिष्याला आपल्या हाताला गुण आहे अशी खात्री पटली, आणि ज्या दिवशी ती पटली त्याच दिवशी तो चुकला.

वैद्यांचे नाव जिनदत्त. सीमाभागातल्या एका पेठेच्या गावी त्यांचे घर होते. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, बोलणे मोजके. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. शिष्याचे नाव श्रेणिक. आयुर्वेद महाविद्यालयाची पदवी घेऊन तो दोन वर्षांपूर्वी आप्पांकडे आला होता. औषधांची नावे त्याला पाठ होती. माणसे अजून पाठ व्हायची होती. आप्पा आठ दिवसांसाठी धाकट्या भावाकडे बेळगावला गेले आणि जाताना म्हणाले, "रोगी बघत जा. अडलं तर फोन कर." श्रेणिकने मनाशी ठरवले की फोन करायची वेळच येऊ द्यायची नाही.

दुसऱ्याच दिवशी बोलावणे आले ते बसलिंगशेटांकडून. शेट म्हणजे चंदन, धूप आणि अत्तराचे तीन पिढ्यांचे व्यापारी. त्यांच्या दुकानासमोरून जाणारा माणूस घरी पोचेपर्यंत अंगाला सुवास घेऊन जाई. आणि पारख अशी, की लाकूड हातात तोलूनच ते झाडाचे वय सांगत. एकदा एका फेरीवाल्याने भलत्याच लाकडाला तेल चोळून ते चंदन म्हणून पुढे ठेवले. शेटांनी ते नाकाजवळ नेलेसुद्धा नाही. करवत मागवली, ओंडका मधोमध चिरला, आतला पांढराफटक भाग त्याच्यापुढे धरला आणि हसून म्हणाले, "छान आहे. चूल पेटवायला ने." वर त्याला चहाही पाजला.

अशा या शेटांना दुकानात अनवाणी वावरायची सवय. गादीजवळ पायताण न्यायचे नाही, हा आजोबांपासूनचा शिरस्ता. चंदन कापताना उडालेली एक कपची त्यांच्या तळपायात, करंगळीच्या मुळाशी शिरली होती. केव्हा शिरली, हे त्यांना कळलेच नाही. बारा वर्षांच्या साखरेच्या आजाराने तळव्यांची जाणीव कमी झालेली. सकाळी अंथरूण काढताना त्यांच्या पत्नीला, गौराक्कांना, रक्ताचा डाग दिसला तेव्हा सगळा उलगडा झाला.

श्रेणिकने कपची काढली, जखम धुतली. जखम लहान होती, पण तिला थोडा वास होता.

"साखर तपासली होती का अलीकडे?" त्याने विचारले.

"साखर काय, ती कायमची पाहुणी," शेट म्हणाले. "तिला रोज रोज काय विचारायचं? डॉक्टरसाहेब, कपची चंदनाची आहे ना? मग चंदनानंच बरी होणार. पहिल्या प्रतीचा गाभा आहे माझ्याकडे. फरशीला लावला तर फरशी गार पडेल!"

श्रेणिकलाही ते पटले. चंदन थंड, चंदन दाह शमवणारे, हे तर त्याने परीक्षेत लिहिले होते. शेटांच्याच सहाणेवर, शेटांच्याच गुलाबपाण्यात त्याने गंध उगाळले आणि जखमेत कापसाचा बोळा ठेवून वर जाडसर लेप दिला. वरून स्वच्छ पट्टी बांधली. रोज सकाळी जुना लेप काढायचा, नवा लावायचा. तिसऱ्या दिवशी गौराक्का म्हणाल्या, "वास गेला हो अगदी!" पाचव्या दिवशी शेटांनी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांदेखत सांगितले, "आप्पांच्या हाताला यश आहे, पण या पोराच्या हाताला सुगंध आहे." त्या दिवशी श्रेणिक घरी पोचला तो जवळजवळ तरंगतच.

आठव्या दिवशी आप्पा परतले. ते हातपाय धुतात न धुतात तोच श्रेणिकने सगळा वृत्तांत सांगितला आणि शेवटी म्हणाला, "वास पूर्ण गेला, आप्पा."

आप्पांनी पंचा खाली ठेवला. "म्हणजे आधी होता?"

"होता. थोडासा."

"मग गेला कुठे?"

आप्पांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या.

दुकानात शिरताच शेटांनी हात जोडले. "या आप्पा! बघा तुमच्या शिष्याची करामत." त्यांनी पाय पुढे केला. आप्पांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग पावलावरून हात फिरवला. पट्टी सोडली. लेप माखलेले वरचे पदर बाजूला टाकले, आणि जखमेला अगदी लागून असलेला कापूस चिमट्याने उचलून एवढेच म्हणाले, "गौराक्का, घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा द्या. परत मिळणार नाही."

कापूस डब्यात गेला, झाकण लागले. जखमेवर नुसती कोरडी पट्टी ठेवून आप्पा उठले आणि श्रेणिकच्या हातात डबा देऊन चालू लागले.

"अहो आप्पा," शेट मागून ओरडले, "माझ्या पायाचा डबा बांधून कुठं निघालात? जेवणाचं आमंत्रण आहे काय कुणाचं?"

गिऱ्हाइके हसली. श्रेणिकचे कान तापले. पायावर उपचार करायचे सोडून हा डबा कशासाठी, हे त्याला कळेना, आणि विचारायचे धाडसही होईना. पेठ मागे पडली, गुरांचा बाजार भरतो ते मोकळे माळरान आले. तिथल्या हौदावर आप्पांनी त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तोंडही धुवायला लावले. मग वाऱ्याकडे तोंड करून बसवले आणि स्वतःही शेजारी बसले. पंधरा मिनिटे गेली.

"आता उघड," आप्पा म्हणाले.

श्रेणिकने झाकण काढून डबा नाकाशी नेला. आधी चंदनच आले. मग चंदनाच्या खालून दुसरेच काही वर आले, कुजकट, गोडसर. त्याने मान झटक्यात फिरवली.

"हा वास… हा आज सकाळीही असणार."

"काल होता. परवाही होता. तुम्ही तिघं चंदनात बसला होतात, तुमची नाकं चंदनानं भरलेली. दुर्गंध म्हणजे शरीरानं मारलेली हाक असते, श्रेणिक. तू तिच्यावर अत्तर शिंपडलंस." आप्पांचा आवाज चढला नव्हता. "चंदनाला मी नावं ठेवणार नाही. घामोळं आलं, उन्हानं कपाळ तापलं, अंगाची आग झाली, तर मी स्वतः उगाळतो. प्रयोगशाळांमध्येही त्याच्या तेलावर अभ्यास चालू आहे, आणि चांगलं काही हाती आलं तर मला आनंदच होईल. पण ते धडधाकट कातडीवर. उघड्या जखमेला सुवास यायला लागला की जुने वैद्य आनंदत नसत, घाबरत. वैद्यानं आधी ऐकायचं असतं, शोभा नंतर."

श्रेणिकने डब्याचे झाकण घट्ट लावले. "पाय जाईल का, आप्पा?"

"बसून राहिलो तर जाईल. ऊठ."

दुकानात परतल्यावर आप्पांनी आडपडदा ठेवला नाही. आत सडणे सुरू झाले आहे, पाऊल गरम आहे, आजच्या आज जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचे. शेटांच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले.

"तिथं पाय कापतात, आप्पा. माझा चुलता दोन पायांनी गेला, एका पायानं आला. मी नाही जाणार. तुम्हीच काय ते करा."

"माझ्याकडे याच्यावर शस्त्र नाही. त्यांच्याकडे आहे."

"पण दुखत तर नाही! दिसतंय पण किती चांगलं."

आप्पा त्यांच्या शेजारी गादीवर बसले. "बसलिंग, त्या फेरीवाल्याचा ओंडकाही चांगलाच दिसत होता. तू वासावर विश्वास ठेवला नाहीस, करवत मागवलीस. लाकडाच्या बाबतीत एवढा शहाणा माणूस, आणि स्वतःच्या पायाच्या बाबतीत फेरीवाल्याचं गिऱ्हाईक झालास?"

शेटांनी बांधलेल्या पायावरून हात फिरवला. तेवढ्यात गौराक्कांनी पदर खोचला. "पुरे झालं. गाडी बोलावलीय मी. दुकान मी बघते, तुम्ही पाय बघा." तीस वर्षांच्या संसारात शेटांनी तो आवाज दोनदाच ऐकला असेल. ते उठले.

वाटेत श्रेणिक त्यांच्या शेजारी बसला होता. न राहवून तो म्हणाला, "शेट, चूक माझी आहे. मी चंदन लावायला नको होतं."

शेट खिडकीबाहेर बघत होते. "लावायला मीच लावलं. तू फक्त उगाळलंस," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शल्यचिकित्सकांनी त्याच दिवशी जखम उघडली. आत, हाडाच्या दिशेने, पू शिरला होता. करंगळी गेली. पाऊल राहिले. "आणखी चार-पाच दिवस उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी पायाविषयीच बोलत असतो," ते म्हणाले. रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून त्यांनी शेटांची अशी काही कानउघाडणी केली, की शेटांना एकही विनोद सुचला नाही.

त्यानंतर श्रेणिक रोज सकाळच्या गाडीने दवाखान्यात जाऊ लागला. परिचारिकेने पट्टी सोडली की तो परवानगी घेऊन वाकायचा, पाहायचा, श्वास घ्यायचा आणि जे आढळले ते वहीत लिहायचा. परिचारिका आधी हसली. नंतर तीच त्याची वाट पाहू लागली. पहिल्या दिवसांत घाण होती, मग औषधांचा उग्र दर्प, मग रक्ताचा लोखंडासारखा वास. आप्पा संध्याकाळी वही वाचत आणि परत देत.

अठराव्या दिवशी पट्टी सुटली. आत लालसर, ओलसर, बारीक दाणेदार मांस भरून येत होते. श्रेणिक वाकला. त्याने एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा, सावकाश. शेट उशीवरून मान उचलून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काय रे?" त्यांनी विचारले. "बोल की!"

"काहीच नाही, शेट," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "कसलाच वास नाही."

शेटांनी डोके मागे टेकले. जन्मभर सुगंध विकलेल्या त्या माणसाने डोळे मिटून नाकाने एक दीर्घ श्वास घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कशालाही वास नाही याचे त्याला अपार सुख वाटले.