पोपटाला पाठ झालेली तक्रार

सागाच्या एका जंगलात एक खार राहत असे. राहत असे म्हणजे, नीट राहायला मिळेल या आशेवर असे. तिने सुतारपक्ष्याकडून नवी ढोली कोरून घेतली होती. ढोली झाली छान, पण कोरण्याच्या भरात सुतारपक्ष्याची चोच मागल्या भिंतीतून आरपार गेली आणि तिथे एक भोक राहिले. खारीला आठ-दहा दिवसांत पिल्ले व्हायची होती, आणि कालच एका धामणीने त्या भोकातून डोके घालून जागेची पाहणी केली होती. भोकात लाकडाची एक पाचर ठोकली की झाले. मुलांनो, काम अगदी थोडे होते. म्हणूनच त्याला फार वेळ लागणार होता.

सुतारपक्षी एका वठलेल्या आंब्यात राही. नवी ढोली हवी असलेले गिऱ्हाईक आले की तो स्वतः लगबगीने बाहेर येई. तक्रार घेऊन कोणी आले, की त्याला दारातल्या फांदीवरचा पोपट भेटे. पोपटाला एकच बोलणे पढवलेले होते : "आपली तक्रार मोलाची आहे. जरा थांबा!" नियमही एकच होता. रांगेतली जागा सोडली, की पुन्हा शेवटी उभे राहायचे.

खार रांगेत उभी राहिली, तेव्हा तिच्या पुढे एक पिंगळा होता. त्याच्या ढोलीचे दार अरुंद झाले होते. "मी काय रोज पोट आत ओढून घरात शिरू? बोलाव तुझ्या मालकाला!" तो कडाडला.

"आपली तक्रार मोलाची आहे. जरा थांबा!"

"अरे, तीन दिवस थांबलोय!"

"जरा थांबा!"

पिंगळा संतापून उडून गेला, राग शांत झाल्यावर परत आला आणि नियमाप्रमाणे खारीच्या मागे येऊन बसला. असे त्याचे तिसऱ्यांदा झाले होते.

"पिंगळेदादा, त्याला तेवढंच येतं हो," खार म्हणाली. "त्याच्याशी भांडून तुमचाच घसा बसायचा."

"मग तुम्ही काय करणार, खारूताई?"

"पिल्लांचं अंथरूण. ते तर करायचंच आहे."

तिने सोबत सालीचे धागे आणि सावरीचा कापूस आणला होता. ती कापूस पिंजू लागली. हाताला ताल हवा म्हणून गुणगुणू लागली :

"मागल्या भिंतीला भोक गं बाई,
पाचर ठोका, करा घाई!"

धामण आठवली की तिचे हात आणखी भरभर चालत. तीन दिवस तिने हेच गाणे म्हटले. चौथ्या दिवशी दुपारी पोपटाने मान वाकडी केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मागल्या भिंतीला भोक गं बाई!"

सुतारपक्ष्याला 'जरा थांबा' ऐकत छान झोप लागत असे. या गाण्याने ती उडाली. त्याने पंखांत डोके खुपसून पाहिले, दाराला पाने लावून पाहिली. पोपट मात्र रंगात आला होता. शेवटी लाल डोळ्यांनी सुतारपक्षी बाहेर आला. "कोणाची ती मागली भिंत?"

"माझी," खार हळूच म्हणाली.

"चला बाई, आत्ताच चला. नाहीतर हा मला जगू द्यायचा नाही!"

पाचर पक्की बसली. दुसऱ्याच दिवशी धामण आली, तिने भोकावर नाक आपटून घेतले आणि ती दुसरीकडे घर बघायला गेली. पुढे चार पिल्ले त्या मऊ अंथरुणावर सुखरूप जन्मली.

इकडे रांगेत पिंगळ्याने बैठक मारली, घसा साफ केला आणि पोपटाकडे पाहत अरुंद दाराचे गाणे सुरू केले. सूर काही बरा नव्हता. सुतारपक्षी त्याच संध्याकाळी बाहेर आला.

तात्पर्य : जिथे थांबणे टळत नाही, तिथे चिडून घसा बसवण्यापेक्षा हाताला काम आणि गळ्याला गाणे द्यावे. काम तरी उरकते, आणि कधीकधी दारही उघडते.