कोरडी नाव

फार जुन्या काळी एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाची घरं अलीकडच्या काठावर, आणि शेतं, देऊळ व एक लहानशी वाडी पलीकडच्या काठावर. पावसाळ्यात नदी भरली की दोन्ही काठांचं येणंजाणं बंद व्हायचं.

एका वर्षी पुराच्या दिवसांत पलीकडच्या वाडीतली एक बाई बाळंतपणात अडली. सुईण अलीकडे होती. नदी उतरेपर्यंत ती बाई गेली. ही हकिकत राजाच्या कानावर आली. राजा मनाचा मऊ होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"नदीकाठच्या चौदाही गावांना एकेक चांगली नाव द्या," त्याने प्रधानाला सांगितलं. "सागवानी द्या. आणि दरवर्षी मला कळवा, नावा कशा आहेत."

लवकरच गावात नाव आली. भिवा नावाड्याने तिच्यावरून हात फिरवला आणि त्याच दिवशी ती पाण्यात लोटली. वर्षभर नावेला उसंत मिळाली नाही. बाजाराला जाणारी माणसं, गवताचे भारे, शेळ्या, एकदा तर अख्खी वरात त्या नावेतून गेली. पलीकडे कुणी अडलं की वाडीतली माणसं बांबूला लाल लुगडं बांधून हलवायची. ते दिसलं की ठकूमावशी सुईण आपलं गाठोडं घेऊन काठावर यायची.

"मावशी, आज मुलगा की मुलगी?" भिवा विचारायचा.

"तू वल्हव रे. पोहोचायच्या आधी झालं तर तुलाच करावं लागेल बाळंतपण."

वर्ष संपलं आणि दरबाराचा कारकून तपासणीला आला. नावेभोवती तो तीनदा फिरला, वाकून पाहिलं आणि कागदावर लिहिलं: सात ओरखडे. तळाला शेवाळ. एक वल्हं बदललेलं. आत शेळीच्या लेंड्या. शेरा, नाव खराब.

"रावसाहेब, पण चालते झकास," भिवा म्हणाला.

"मला विचारलंय नाव कशी आहे," कारकून म्हणाला. "जशी आहे तशी लिहिली."

त्या दसऱ्याला दरबारात या गावच्या पाटलाला मागच्या रांगेत बसवलं. शेजारच्या गावच्या पाटलाला मात्र शाल मिळाली, कारण त्याची नाव अजून नवी कोरी होती. परत येताना शेजारचा पाटील हसून म्हणाला, "काय पाटील, तुमच्या नावेत शेळ्या बिऱ्हाड करतात म्हणे?"

पाटलाला ते फार लागलं. गावात येताच त्याने नाव काठावर ओढायला लावली, तिच्यावर छप्पर घातलं, दार केलं आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली.

"पाटील, लाकडाला पाणी लागतं," भिवा म्हणाला. "कोरडी ठेवली तर फळ्या आकसतील. सांधे उघडतील."

"भिवा, ती नाव आहे. पाण्यात डुंबायला म्हैस नाही."

जमलेले लोक हसले. भिवा खाली मान घालून घरी गेला आणि बुरडाकडून बांबू आणून टोपल्या विणू लागला. हा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

"वेळ पडली तर काढूच की नाव," पाटील सगळ्यांना सांगे. "किल्ली माझ्याकडेच आहे."

पुढची तीन वर्षं पाऊस बेताचा झाला. लोक दोन कोस खाली जाऊन उथळ पाण्यातून पायी नदी ओलांडत. कुरकुरत, पण जात. दरवर्षी कारकून येई, कुलूप उघडून घेई, फडक्याने पुसलेली नाव पाही आणि लिही: ओरखडे नाहीत. शेवाळ नाही. शेरा, उत्तम.

खराब शेऱ्यावरून उठून तीन वर्षं ओळीने उत्तम शेरा मिळवणारं हे पहिलंच गाव. राजाला आनंद झाला. "अशा गावाचा मान मी स्वतः जाऊन करीन," तो म्हणाला.

भाद्रपदात राजा आला. बरोबर प्रधान होता, कारकून होता आणि पाटलासाठी आणलेली शाल होती. नावेला झेंडूचा हार घातला होता, दारापुढे रांगोळी होती. गावावर लख्ख ऊन होतं. पण वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता, आणि सकाळपासून नदीचं पाणी पायरी पायरीने चढत होतं. मांडवाच्या गडबडीत तिकडे कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते ठकूमावशीने. "लाल लुगडं," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पलीकडच्या काठावर बांबू जोरजोरात हलत होता. पाटलाच्या हातातलं तबक खाली आलं. त्या वाडीत त्याचीच मुलगी यसू दिली होती, आणि तिला नववा महिना होता.

राजा उठून उभा राहिला. "घाबरू नका," तो म्हणाला. "नाव आहे ना. काढा बाहेर."

पाटलाने कुलूप काढलं. आठ जणांनी नाव उलटी करून हारासकट डोक्यावर घेतली आणि ते उन्हात आले. राजाला एक विचित्र गोष्ट दिसली. नावेच्या सावलीत चाललेल्या त्या माणसांच्या डोक्यांवर, खांद्यांवर उन्हाच्या बारीक रेघा पडल्या होत्या. सावलीत ऊन कुठून आलं, ते त्याला कळेना.

भिवाला कळलं. "मावशी, तू बसू नकोस," तो म्हणाला.

"लुगडं दिसत नाही का तुला?" म्हणत मावशी नावेत बसलीसुद्धा.

नाव काठापासून दहा हात गेली असेल. सगळ्या सांध्यांतून एकदम पाणी वर आलं. भिवाने मावशीला कमरेला धरून कसंबसं काठावर आणलं. मागे वळून पाहिलं तर नाव गेली होती, आणि पाण्यावर नुसता झेंडूचा हार तरंगत होता.

राजा शाल हातात घेऊन उभाच राहिला. पलीकडे लुगडं हलतच होतं.

मग भिवा घराघरांतून वाळलेले भोपळे मागत पळत सुटला. पूर्वी नाव नव्हती तेव्हा त्याचा आजा भोपळे एकत्र बांधून सांगड करायचा आणि तिच्यावरून पोहत नदी ओलांडायचा. सांगड बांधायला वेळ गेला. या धारेत ती टिकली नसती, म्हणून पाणी जिथे पसरट होतं तिथपर्यंत ती दोन कोस खाली न्यावी लागली. मावशी तिच्यावर पालथी झोपली, भिवाने पोहत ती ढकलली. ते पलीकडे लागले तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

इकडे काठावर पाटील लुगड्याकडे बघत बसला होता. केव्हातरी ते हलायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी थोडं उतरल्यावर भिवा एकटाच परत आला. राजा गेला नव्हता. पाटील उठून त्याला सामोरा गेला.

"यसू वाचली," भिवा म्हणाला. "बाळ नाही वाचलं. मावशी म्हणाली, दोन घटका आधी पोहोचते तर..." तो राजाकडे वळला. "महाराज, मावशीने सांगितलंय, ती शाल कुणाला द्यायची नसेल तर द्या. पोरीला थंडी भरलीय."

राजाने शाल त्याच्या हातात दिली. मग त्याने कारकुनाला जवळ बोलावलं.

"या तीन वर्षांत त्या नावेने किती माणसं पलीकडे नेली?"

कारकुनाने कागद चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले. "महाराज," तो म्हणाला, "तो रकाना नाही."

"रकाने कुणी आखले?"

"मी, महाराज," प्रधान म्हणाला. "आपण जे विचारलं होतं त्यावरून."

"मी काय विचारलं होतं?"

"नावा कशा आहेत."

ज्याच्यावर रागवावं असा माणूस राजा शोधत होता, आणि तो त्याला सापडला होता. मग त्याने हळूच विचारलं, "बाकीच्या तेरा नावा कशा आहेत?"

कारकुनाने कागदावरून बोट फिरवलं. "सगळ्या उत्तम, महाराज."

राजा घोडेस्वारांकडे वळला. "आजच्या आज सगळ्या पाण्यात घाला," तो म्हणाला. घोडेस्वार तेरा गावांकडे सुटले.

पाटलाने कमरेची किल्ली काढली आणि भिवापुढे धरली. "मी हसलो होतो तुला," तो म्हणाला.

"मीपण गप्प बसलो, पाटील," भिवा म्हणाला. किल्ली त्याने घेतली नाही. पाटलाने ती नदीत टाकली.

पूर ओसरल्यावर बुडालेली नाव वाळूत सापडली. भिवाने ती आठ दिवस उथळ पाण्यात तशीच बुडवून ठेवली. फळ्या फुगल्या, सांधे मिटले.

पुढच्या वर्षी कारकून पुन्हा तपासणीला आला. या वेळी कागदावर रकाना एकच होता: माणसं किती गेली. राजाने तो कागद स्वतः वाचला. त्या गावापुढे लिहिलं होतं: मोजणी पुरी झाली नाही. दुपारपर्यंत काठावर थांबलो, पण नाव सारखी पलीकडे जात होती.

तात्पर्य: दिलेली वस्तू शाबूत आहे का, एवढंच विचारलं तर वस्तूच शाबूत राहते. ती ज्याच्यासाठी दिली, तो माणूस कसा आहे, हे आधी विचारावं.