विटी पडेल तिथवर

एका गावात एक कुंभार होता, आणि तो हरून हरून कंटाळला होता.

खरं सांगायचं तर तो स्वतः कधीच हरला नव्हता, कारण तो कधी खेळलाच नव्हता. हरायचं ते गाव. दर वर्षी सुगी संपली की या गावाचा आणि नदीपलीकडच्या गावाचा माळावर विटी-दांडूचा सामना व्हायचा. हा काही चिल्ल्यापिल्ल्यांचा खेळ नव्हे. चांगले मिशीवाले गडी कासोटा मारून उतरायचे आणि दोन्ही गावांत सामना संपेपर्यंत चूल पेटायची नाही. रीत अशी होती की हरलेल्या गावाच्या पाटलानं जिंकणाऱ्यांचा दांडू आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि वाजतगाजत नदीपर्यंत मिरवत न्यायचा. कुंभाराला कळायला लागल्यापासून त्यांच्या पाटलाचा खांदा कधी रिकामा राहिला नव्हता.

कुंभाराचं घर माळाच्या कडेला, नदीच्या बाजूला होतं. पुढं अंगण, अंगणात चाक आणि चाकापलीकडं मडकी भाजायची भट्टी. जागा पणजोबापासूनची. भाजून भाजून तिथली माती काळीतांबडी झाली होती. कुंभारीण म्हणायची, थंडीच्या दिवसांतसुद्धा तिथं पाय ठेवला की बरं वाटतं. पाटलाची ती लाजिरवाणी मिरवणूक नेमकी याच अंगणासमोरून जायची. कुंभार त्या वेळी घरात तोंड लपवून बसायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

एका बाजाराच्या दिवशी गावात एक परका गडी आला. त्यानं कुणाचा तरी दांडू मागून घेतला, विटीच्या टोकावर मारून ती उडवली आणि असा टोला हाणला की विटी दिसेनाशीच झाली. अख्खा बाजार तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. भाजीवालीची कोथिंबीर गाईनं खाल्ली, तरी तिला पत्ता नाही.

गावाला हा टोलेबाज हवाच होता. त्यानं किंमतही तिथंच सांगितली.

"धान्य नको, नाणं नको," तो म्हणाला. "दर वर्साला सामन्याआधी माळावरच्या खड्ड्यापासनं माझा एक टोला. दिशा तुमी सांगायची. त्या बाजूला विटी पडंल तितवरची जमीन माझी. घरांना हात लावायचा न्हाई मी. पर मोकळी जागा माझी."

झालं! त्या संध्याकाळी पारावर वादाला तोंड फुटलं. गावात दोन तट पडले. एका तटाचा म्होरक्या तेली आणि दुसऱ्याचा आपला कुंभार.

"एका टोल्याला एवढी किंमत?" तेली म्हणाला. "आरं, मारनारा एक असतो, पर पल्याडची विटी झेलायला सगळा गाव लागतो. त्या झेलनाऱ्यांना आपुन काय देतो? गूळ-खोबरं!"

"झेलनारे पैशाला पासरी हायेत, तेलीदादा. असा टोला मारनारा दुसरा दावा."

"गेलेली जमीन माघारी येत न्हाई."

"आन इज्जत? ती येती व्हय माघारी? जरा पाटलांच्या खांद्याकडं बघा."

सगळ्यांनी पाटलाच्या खांद्याकडं बघितलं. पाटलानं नकळत तो चोळला. मग वाद मिटायला कितीसा वेळ लागतो?

दिशा कुठली सांगायची, तेही कुंभारानंच सुचवलं. "उगवतीला गायरान हाय. गायरान सगळ्यांचं, म्हंजे कुनाचंच न्हाई. कुनाचं काय जातंय?"

टोलेबाजानं उगवतीकडं टोला हाणला. विटी झुडपांवरून गेली, बांधावरून गेली आणि ती अशी पुढं पुढं जात असताना गावकरी उड्या मारत ओरडत होते, "अजून! अजून लांब!" ती पडली तेव्हा निम्म्याहून अधिक गायरान मागं राहिलं होतं. वकट, लेंड, मूंड असं म्हणत माणसं दांडूनं अंतर मोजू लागली आणि मोजता मोजता थकली. जितके दांडू जास्त भरत तितक्या टाळ्या जास्त पडत. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटत होता तो कुंभार.

"अवो, तुमी टाळ्या कशापायी पिटत हुता?" रात्री ताटात भाकरी वाढताना कुंभारणीनं विचारलं. "इटी जवळ पडली असती तर गावाचं बरं न्हवतं का झालं?"

कुंभार हसला. "अगं येडे, तुला खेळातलं काय कळतंय?"

त्या वर्षी गाव जिंकलं. पलीकडच्या पाटलानं खांद्यावर दांडू घेतला आणि मान खाली घालून तो कुंभाराच्या अंगणासमोरून गेला. कुंभार भट्टीवर चढून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला. खोटं कशाला बोला, त्याच्या आयुष्यात तेवढा सुखाचा दिवस दुसरा आला नाही.

दुसऱ्या वर्षी दिशा ठरली दक्षिणेची. तिकडं एका धनगराचा वाडा होता, काट्यांचं कुंपण घालून मेंढरं बसवायचा. हा धनगर म्हणजे गावातला सर्वांत चांगला झेलणारा. कितीही वेडीवाकडी विटी येवो, तो ती ओंजळीत फूल घ्यावं तशी घ्यायचा. त्यानं पारावर हात वर केला.

"पाटील, गायरान गेलं तवा मी काय बोललो न्हाई. आता वाडा बी गेला तर मेंढरं कुठं बसवू?"

तेवढ्यात कुंभार उठला. "एका मानसाच्या वाड्यापायी गावानं मान खाली घालायची व्हय? गाव मोठं का तू मोठा?"

पारावर टाळ्यांचा कडकडाट झाला. धनगरानं इकडंतिकडं बघितलं आणि हात खाली घेतला. त्यानं त्या सामन्यात नेहमीसारख्या विट्या झेलल्या, गाव पुन्हा जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेंढरं आणि दोन झेलणारी तरणी पोरं घेऊन निघून गेला. गुलालाच्या धुरळ्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षी उत्तरेची पाळी आली. उत्तरेला तळं. "तळं काय पळून जातंय का?" कुंभार म्हणाला, पण या खेपेला त्याचा आवाज जरा खाली होता, कारण मडक्यांची माती तो त्याच तळ्याच्या काठावरून आणायचा. विटी थेट पाण्याच्या कडेला चिखलात जाऊन रुतली. त्या दिवसापासून माती न्यायची तर टोलेबाजाला मडकी द्यावी लागू लागली, आणि घागर भरायची तर त्याला विचारावं लागू लागलं.

त्या वर्षी गाव जेमतेम जिंकलं. टोलेबाजाचे टोले तसेच आभाळाला भिडत होते, पण पलीकडच्यांच्या विट्या आता बदाबदा जमिनीवर पडत होत्या. पारावर पुन्हा वाद झाला.

"झेलायला मानसं कुठं हायेत?" तेली म्हणाला. "धनगर गेला. गायरानामागं गुराखी गेले. ह्यो टोलेबाज एवढ्या मोलाचा हाय का, हे आता तरी बघा."

"त्याच्यात काय खोट हाय?" कुंभार तावातावानं म्हणाला. "तो त्याचं काम करतोय. बाकीच्यांच्याच अंगात दम न्हाई!"

बाकीचे गडी तिथंच बसले होते. त्यांतले दोघं उठून गेले आणि पुन्हा कधी खेळायला आले नाहीत.

मंडळी, माळाला बाजू किती असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कुंभारानं कधी मोजल्या नव्हत्या. चौथ्या वर्षी टोलेबाज माळाच्या मधोमध खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सांगा दिशा." सगळ्यांच्या नजरा मावळतीकडं गेल्या. मावळतीला नदीची वाट होती, आणि वाटेच्या अलीकडं कुंभाराचं अंगण.

कुंभाराचा हात वर गेला.

"पाटील," तो म्हणाला, "घर ऱ्हाईल, पर चाक कुठं मांडू? भट्टी कुठं लावू? पणजोबापासनंची जागा हाय. औंदा सोडा. औंदा हरलो तर हरलो."

मागून एक आवाज आला, "एका मानसाच्या भट्टीपायी गावानं मान खाली घालायची व्हय? गाव मोठं का तू मोठा?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंभारानं वळून बघितलं. कोण बोललं ते त्याला दिसलं नाही, पण शब्द त्यानं ओळखले. कुणी त्यांत फारशी भरही घातली नव्हती. त्यानं आशेनं तेल्याकडं बघितलं. निदान तेली तरी भांडेल, निदान टोमणा तरी मारेल. तेल्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"हात खाली घे," तो हळूच म्हणाला. "धनगरानं बी घेतला हुता."

कुंभारानं हात खाली घेतला.

टोलेबाजानं विटी ठेवली. कुंभार मनातल्या मनात गावच्या सगळ्या देवांना आळवू लागला. चुकू दे रे. हात घसरू दे. दांडू मोडू दे. अंगणाच्या अलीकडं पडू दे, मी नवस फेडीन. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच विटी जवळ पडावी म्हणून देवाला हात जोडले होते. दारात कुंभारीण उभी होती. तिनं चाकावर एक हात ठेवला होता, जसा पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

टण्ण! विटी उडाली. माळ ओलांडून आली, अंगणाच्या कडेवरून गेली, चाकावरून गेली, कुंभारणीच्या डोक्यावरून गेली. भट्टीवर आली, वाटलं आता पडते, पण तिथं ती पुन्हा उचलल्यासारखी झाली आणि भट्टीच्या पार पलीकडं वाटेच्या धुळीत जाऊन पडली. असा टोला त्या माळानं कधी बघितला नव्हता.

"आरं वा रं गड्या! काय टोला!" कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं.

आपणच ओरडलो हे कुंभाराला कळलं ते बायको त्याच्याकडं बघायला लागली तेव्हा. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती बघत राहिली, आणि मग तिनं चाकावरचा हात काढून घेतला.

सामना गाव हरलं. टोलेबाजानं आपले टोले चोख मारले, त्याला कुणी नावं ठेवायचं कारण नाही. पण पलीकडच्यांची एकही विटी झेलायला माणूस उरला नव्हता. पाटलानं पुन्हा खांद्यावर दांडू घेतला आणि मिरवणूक कुंभाराच्या घरासमोरून नदीकडं गेली. तोंड लपवायला घर तेवढं शिल्लक होतं.

त्याच संध्याकाळी टोलेबाज नदी ओलांडून पलीकडं गेला. त्या लोकांनी त्याला नदीकाठची काळी जमीन दाखवली होती. जाताना त्यानं इकडच्या चारही बाजू बाजारगावच्या एका सावकाराला विकल्या, आणि सावकारानं सगळीकडं बाभळीचं कुंपण घातलं. माळ म्हणावा असा माळ उरला नाही. पोरं बोळात विटी-दांडू खेळायची. विटी कुणाच्या तरी दारावर आपटायची, आतून शिव्या यायच्या आणि पोरं पळून जायची. पुढं पुढं त्यांनी खेळणंच सोडलं.

कुंभाराच्या दाराबाहेर आता पाऊल टाकलं की काटे. चाक त्यानं घरात आणून मांडलं, तर चुलीला जागा उरली नाही. कच्ची मडकी डोक्यावर घेऊन तो सावकाराच्या भट्टीवर, म्हणजे स्वतःच्याच भट्टीवर जायचा आणि भाजून झाली की निम्मी तिथंच ठेवून यायचा. कुंभारीण ताट वाढायची, पण बोलायची नाही. तिला खेळातलं काही कळत नव्हतं ना!

अशाच एका संध्याकाळी माणसं पारावर बसली होती. बाजाराहून आलेला एक जण म्हणाला, "बाजारगावात नवा गडी आलाय म्हनं. पल्याड गेला त्याच्यापरीस भारी."

तेली थुंकला. "भारी असंल न्हाईतर नसंल. द्यायला आपल्यापाशी हाय काय आता? घरं तेवढी हायेत."

सगळे खाली बघू लागले. कुंभार नखांतली वाळलेली माती काढत होता. आता काय बोलायला हवं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ते बोलायचा हक्क त्या पारावर त्याच्याइतका दुसऱ्या कुणालाच नव्हता. तेली त्याच्याकडं बघत होता. पाटीलही बघत होते.

कुंभारानं मान वर केली.

"किती लांब मारतो?" त्यानं विचारलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जमिनीवर पडणाऱ्या टोल्याला ज्याला टाळ्या पिटायच्या असतील, त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की माळाला बाजू चारच असतात आणि आपलं अंगण त्यांतल्याच एका बाजूला असतं.