एंटरवरचं बोट

“...पण तिन्हींतलं कुठलं घेऊ, ते सांगा ना बुवा! उद्या सकाळी संस्थेच्या समितीपुढे उभं राहायचंय.”

वझेबुवा वाती वळत होते. ते वळतच राहिले.

हेरंब दाबके टेकडी चढून मठात आला तो धापा टाकतच. एका आरोग्य संस्थेच्या, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या नर्सबाईंचे लॅपटॉप सांभाळणं हे त्याचं काम. सगळ्यांवर लिनक्स ही प्रणाली. आता ते सगळे कचेरीत बसून हाताळता येतील असं एक साधन, म्हणजे सॉफ्टवेअर, त्याला निवडायचं होतं. बुवांनीही मठात येण्याआधी उभा जन्म संगणकच सांभाळले होते, हेरंब त्यांच्याच हाताखाली शिकलेला. शिष्य हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“एवढा घाबरलायस कशाला?”

“गेल्या आठवड्यात एक लॅपटॉप एसटीत राहिला, बुवा. कुणाला टीबी, कुणाला एचआयव्ही, सगळ्यांची नावं त्यात. कंडक्टरने आणून दिला म्हणून वाचलो. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.”

“बरं. साधनं कशी आहेत?”

“पहिलं जबरदस्त. मी इथून सांगितलं की कुठलंही यंत्र कोरं. दुसरंही पुसतं, पण दोन माणसांनी हो म्हटल्याशिवाय नाही. नुसता वेळ खातं. तिसऱ्याला पुसताच येत नाही.”

“मग ठरलंय की तुझं.”

“ठरलंय... पण एकदा तुम्हाला विचारावंसं वाटलं.”

“नर्सबाई काय म्हणतात?”

“त्या काय म्हणणार! कुंदा सिस्टरांनी विचारलं, सर, माझ्यावर रागावलात तर माझं सगळं काम पुसून टाकाल का? मी हसलो.”

बुवा हसले नाहीत.

“पहिलं साधन तू वापरून बघतोयस ना? त्यात तुझा स्वतःचा लॅपटॉप घातलायस?”

“माझा?” हेरंबला हा प्रश्न अगदीच बाळबोध वाटला. “चालवणाऱ्याचा कुणी घालतं का, बुवा?”

“घाल.”

मोबाइलची रेंज शोधत तो अंगणभर फिरला. अखेर तुळशीपाशी ती सापडली. साधनातल्या लॅपटॉपांच्या यादीत सगळ्यात खाली त्याचं नाव उमटलं.

बुवांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. यादीतलं ते नाव निवडलं, समोरच्या ‘पुसा’वर बाण नेला आणि तेलाचं बोट एंटरवर ठेवलं.

“बुवा...”

“हं.”

“त्यात माझं सगळं आहे. वर्षभराचं काम आहे.”

“असेल.”

“दाबू नका हं.”

“नाही दाबत.”

बोट मात्र तिथेच होतं. बुवा झाडावरच्या खारीकडे बघत बसले. बुवा कधी खोटं बोलत नाहीत हे हेरंबला पक्कं माहीत होतं, आणि तरी त्याची नजर त्या बोटावरून हलेना.

“बोट काढा ना.”

“नाही दाबत म्हटलं ना.”

“असं कसं ठेवता हो? निदान कुणाला तरी विचारा आधी!”

...

बुवांनी बोट उचललं आणि लॅपटॉप खाली ठेवला. स्वतःचेच शब्द हेरंबला उशिरा ऐकू आले.

तो म्हणाला, “दुसरं घेतो. दोघांच्या होकाराचं.”

बुवांनी मान हलवली आणि पुन्हा वातींना हात घातला.

हेरंबचा चेहरा खुलला. समितीपुढे काय बोलायचं ते त्याला आत्ताच सुचायला लागलं होतं. तो लॅपटॉप उचलायला वाकला.

“एक होकार तुझा,” बुवा म्हणाले. “दुसरा कुणाचा?”

“समितीच्या अध्यक्षांचा! त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. नर्सबाईंनाही मग काही शंका उरणार नाही.”

बुवांनी वात खाली ठेवली. लॅपटॉप परत मांडीवर ओढला. त्याचं नाव अजून यादीत होतंच. त्यांनी बोट एंटरवर ठेवलं.

“बुवा, हे काय...?”

“अध्यक्ष हो म्हणालेत, मीही. ज्याचा लॅपटॉप, त्याला कुठे विचारायचंय?”