शिवेवरचा नगारा

फार पूर्वी शालिवती नगरात उग्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या गोधनाचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याचं नाव सोमदत्त. कोणाच्या गोठ्यात किती गुरं, कोणता बैल नांगराचा, कोणता गाडीचा, हे पाहणं त्याचं काम. माणूस सज्जन होता, पण धीट नव्हता. बोधिसत्त्व म्हटला की वाघाच्या जबड्यात हात घालणारा, असं तुम्हाला वाटत असेल. या जन्मी तसं नव्हतं, बाबांनो. राजाने नुसती हाक मारली तरी याच्या घशाला कोरड पडायची.

राजा त्याच्याहून भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्यातली गत. एकदा एका हेराने बातमी आणली, की नदीपलीकडचा राजा दूरवर दगड फेकणारं यंत्र बांधतो आहे. ते यंत्र कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी राजाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने वक्रक नावाच्या यंत्रकाराला बोलावलं आणि म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठं बांध. लागेल ते घे."

अशा यंत्राची सगळी ताकद त्याच्या दोरांत असते, आणि ते दोर बैल मारून त्यांच्या चिवट शिरांचे वळावे लागतात. म्हणून घरटी एक बैल असा कर बसला. पहिल्या साली यंत्राचा दांडाच मोडला. पुढच्या साली दगड उडाला खरा, पण आपल्याच तटाला भगदाड पाडून गेला. मग पावसाळी हवेत दोर ढिले पडले, ते सगळे नवे करावे लागले. दर वेळी वक्रक हात जोडून म्हणे, "आता थोडंच राहिलं आहे, महाराज." हे जमणार नाही, असं म्हणायची त्याचीही छाती नव्हती. आणि दर वेळी सोमदत्त शिपाई घेऊन गावोगाव बैल आणायला जाई. एक म्हातारा मंत्री मध्ये बोलला होता, की प्रजेला हे झेपत नाही. त्याला राजाने सुळावर दिलं. दरबाराची वाट त्या सुळाजवळूनच जात असे, आणि सोमदत्त तिथून जाताना खाली पाहून चाले.

त्या देशात एक रीत होती. प्रत्येक गावाच्या शिवेवर एक मोठा नगारा असायचा. परचक्र आलं की तो बडवायचा, आणि तो ऐकला की माणसांनी गुरंढोरं घेऊन रानात लपायचं.

एके दिवशी सोमदत्त वेळूग्रामाच्या शिवेवरच्या वडाखाली पोचतो न पोचतो तोच नगारा धडधडू लागला. शिपायांची पाचावर धारण बसली. नदीपलीकडचा राजा आला, असं कोणीतरी म्हणालं, आणि जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. सोमदत्तही पळाला. पागोटं कुठे पडलं, जोडा कुठे राहिला, त्याला कळलं नाही. चिखलाने माखून तो नदीकाठच्या बोरूच्या बनात शिरला आणि उकिडवा बसून राहिला. छाती अशी धडधडत होती, की नगारा कोणता आणि छाती कोणती ते समजेना.

बनात आधीच एक म्हातारा शेतकरी लपला होता. गोधिक त्याचं नाव. त्याच्याजवळ एक बैल होता, आणि तो हंबरू नये म्हणून गोधिकने त्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"डोकं खाली घे, बाबा," गोधिक कुजबुजला. "दिसशील त्यांना."

"कुठवर आलेत?" सोमदत्ताने विचारलं.

"वडापाशी धूळ दिसली. माझा एक आधीच नेलाय त्यांनी. हा गेला तर सून आणि मी जू मानेवर घेऊ, दुसरं काय?"

"पण कोणाचं सैन्य आहे?"

"सैन्य कसलं? आपल्याच राजाची माणसं. दुसरं कोण येतंय इथे?"

सोमदत्ताच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याला भिऊन आपण इथे दडलो, तो आपणच. तो उठला आणि रिकाम्या हाताने नगराकडे चालू लागला.

वाटेत कितीदा तरी त्याच्या मनात आलं, की सांगावं गावात रोग आला आणि बैल मेले. कोण बघायला जातंय? सूळ दिसला तेव्हा तर त्याने ते खोटं मनात घोळवूनही पाहिलं. तरी दरबारात उभं राहून, अडखळत अडखळत, त्याने घडलं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "महाराज, कुंपणच शेत खातं आहे. परचक्राचा नगारा लोक आपल्यासाठी वाजवतात."

राजा पांढराफटक पडला. मग ओरडला, "हा शत्रूला फितला आहे. यंत्राचा पहिला दगड याच्यावरच टाका!"

दुसऱ्या दिवशी यंत्र माळावर नेलं. ओढायला बैल नव्हते, ते सगळे दोरांत गेले होते. शिपायांनी खांदे सोलवटून घेत ते ओढलं. सोमदत्ताला समोरच्या खुंटाला बांधलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि दातांवर दात वाजत असताना तो दगडाची वाट पाहू लागला.

तेवढ्यात नगारा वाजला. राजाचं निशाण आणि एवढी धूळ पाहून जवळच्या गावाने तो बडवायला घेतला होता. मग पलीकडच्या गावाने आपला घेतला, मग त्याच्या पलीकडच्याने. बघता बघता चारी दिशांनी धडधडाट सुरू झाला.

"यंत्र फिरवा! तिकडे! नाही, इकडे!" राजा किंचाळला. यंत्र तसूभरही हललं नाही. शिपाई आणि वक्रक केव्हाच झाडीत पळाले होते. माळावर राजा उरला, आणि खुंटाला बांधलेला सोमदत्त. राजा धावत येऊन त्याच्या पाठीमागे दडला.

"सोमदत्ता," त्याची बोबडी वळली होती, "कुठवर आलेत?"

"महाराज, आपण इथवर आलो आहोत. दुसरं कोणी नाही."

राजाने चारी दिशांना पाहिलं. कुठे घोडा नाही, भाला नाही. नगारे मात्र थांबत नव्हते.

"हे थांबेल केव्हा?"

"आपण परत फिरलो की."

राजाने त्याचा दोर सोडायला घेतला. गाठ काही केल्या सुटेना, शेवटी त्याने दात लावले. मग दोघे नगराकडे चालू लागले. ते जसजसे दूर जात, तसतसा मागचा एकेक नगारा गप्प होई. वेशीपाशी आल्यावर शेवटचाही थांबला. ती शांतता ऐकून राजा धुळीत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे विहाराच्या दाराला रोज दोन दोन अडसर घालणारा आपला सुयाम. बैलाचं तोंड दाबून बसलेला गोधिक म्हणजे काल भिक्षा घालताना ज्याचा हात कापत होता तो म्हातारा कुंभार. नगारे वाजवणारे म्हणजे तुम्ही सारे. आणि तो घाबरट अमात्य मीच होतो. त्या जन्मी माझी भीती काही गेली नाही. भीत भीतच मी खरं बोललो. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."