पुठ्ठ्यावरचं नाव

सांगलीच्या हळद बाजारात नेमगोंडा शेठचं छोटंसं दुकान होतं. तिथल्या मुनीमाच्या जागेसाठी दिगंबरपंत आले. सकाळपासूनचं हे चौथं दुकान. पाय भरून आले होते आणि प्रत्येक गादीवाल्यानं परीक्षा घेऊन जीव नकोसा केला होता.

शेठनं जुनी जाडजूड वही पुढे सरकवली. "तीन वर्षांचा हिशेब आहे. माझा चहा संपायच्या आत यातली चूक दाखवा. भलेभले इथं गार झालेत!"

पंतांनी चष्मा पुसला, भराभरा पानं उलटली आणि वही मिटली.

"एवढ्यात बेरजा तपासल्या?" शेठ हसले.

"बेरजा पाहिल्याच नाहीत. अक्षर पाहिलं," पंत थकल्या आवाजात म्हणाले. "तीन वर्षांत सहा जणांची अक्षरं आहेत. दर सहा महिन्यांनी मुनीम पळालाय. चूक आत नाही शेठ, पुठ्ठ्यावर आहे. तिथलं मालकाचं नाव तेवढं बदललेलं नाही."

शेठचा कप हातातच राहिला. पंत चपला शोधू लागले.

"बसा पंत," शेठ हळूच म्हणाले. "उद्यापासून या."

"येतो. पण माझ्या परीक्षा झाल्या. आता सहा महिने तुमची."