वीतभर जागा

डोंगराच्या कुशीत, बोरीच्या कुंपणाआड एक इवलंसं शेत होतं. तिथे येसू आपल्या आईसोबत राहायची. आई तापाने अंथरुणाला खिळलेली आणि मडक्यात उरला होता फक्त ओंजळभर हरभरा. तो पिकला नाही, तर उन्हाळ्यात दोघींच्या पोटाला काही नव्हतं. म्हणून येसूने सगळे दाणे एकाच वाफ्यात दाटीवाटीने पेरले. दाणे जास्त तर घाटे जास्त, असा तिचा साधासरळ हिशोब.

हिरवी, लुसलुशीत रोपं तरारून वर आली. एका सकाळी पानावरच्या चमचमत्या दवातून बोटाएवढी परी खाली उतरली. तिचे चिमुकले पंख गुलाबी-जांभळे होते.

"येसू, आई बरी व्हावी, घर धान्याने भरावं, हीच इच्छा ना तुझी?"

येसूने डोळे बारीक केले. "तुला कुणी सांगितलं?"

"मला कळतं गं. इच्छा पुरी होईल, पण दोन नियम आहेत. रोपारोपांत वीतभर जागा सोड, मधली रोपं उपट. आणि उपटलेली भाजी दाराशी जो पहिला येईल त्याला दे."

येसूच्या मनात पाल चुकचुकली. पाणी घालून वाढवलेली रोपं उपटायची, वर फुकट वाटायची? ही परी आहे की कावळ्यांनी धाडलेली लबाड? तिने अर्ध्याच वाफ्यात रोपं विरळ केली. फसवलंच हिने, तर निम्मा वाफा तरी हाती राहील.

शेजारची सगुणाकाकी रिकामी टोपली घेऊन आली, तेव्हा मात्र येसूला राहवलं नाही. तिने सगळी भाजी काकीच्या टोपलीत घातली. दुसऱ्या दिवसापासून काकी आईला रोज गरम काढा करून देऊ लागली.

फुलं आली, घाटे लागले. दाट रोपं एकमेकांच्या सावलीत किडकिडीत, पिवळट झाली, शेंड्याला कसेबसे चार घाटे. विरळ झुडुपं ऐसपैस पसरली, फांदीफांदीला टपोरे घाटे. येसूला रडूच फुटलं.

"मी अर्धंच ऐकलं. आता इच्छा गेली का गं?" परी दिसताच तिने विचारलं.

"नाही गेली. मी जादू केलीच नव्हती. रोपांना ऊन मिळालं, मुळांना जागा मिळाली."

"मग पुढच्या वेळी हातभर सोडते."

"नको. मधे तण माजेल, रोपं कमी पडतील."

"खरं सांगतेस?"

"एका कोपऱ्यात करून बघ," परी हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

"येसू, कुणाशी बोलतेस?" आई आपल्या पायांनी चालत दाराशी आली होती.

येसूने एक घाटा फोडला. एक दाणा आधी स्वतः चावून पाहिला आणि मग दुसरा आईच्या हातावर ठेवला.